एक एमबीच्या आत

१

रविवारी चहा झाला की शर्मिष्ठा जेवणाचं टेबल पुसून कागद घेऊन बसायची. सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाल्यापासून तिचे रविवार असेच जात होते. पार्ले पूर्वेची तीन मजली जुनी बिल्डिंग, बारा बिऱ्हाडं, आणि बिल्डरला थोड्या थोड्या दिवसांनी प्रत्येकाकडून नवं काहीतरी हवं असायचं. या खेपेला त्याच्या वेबसाइटवर सगळ्या कागदांची मिळून एकच पीडीएफ चढवायची होती. शेअर सर्टिफिकेट, बाबांचं आधार कार्ड, घर आत्ता जसं आहे तसा आर्किटेक्टने काढून दिलेला नकाशा, आणि प्रत्येक खोलीचा एकेक फोटो.

ती विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासायची. लोकांच्या बिलांवर आणि सह्यांवर संशय घेण्याचाच तिला पगार मिळत होता, त्यामुळे स्कॅन काढतानाही हात शिस्तीचा. फोनची सावली पडू द्यायची नाही, चारही कोपरे आले पाहिजेत, कागदाची घडी आधी तळहाताने दाबून सपाट करायची. शेवटचा फोटो बाबांच्या खोलीचा होता. त्यासाठी तिने खाटेच्या पायाशी असलेल्या स्टुलावरचं तांब्याभांडं मुद्दाम पुसून ठेवलं.

बाबांची खोली म्हणजे खरी गॅलरी. मुंबईत गॅलरीला गॅलरी म्हणून कोण ठेवतं? धाकट्या धवलच्या बारावीच्या वर्षी बाबांनी, म्हणजे श्यामसुंदर कर्णिकांनी, गवंडी बोलावून ती आत घेतली आणि त्याला अभ्यासाला खोली करून दिली. पुढे धवल लग्न होऊन मुलुंडला गेला, आई गेली, आणि एक दिवस बाबांनी आपली लोखंडी खाट स्वतःच तिथे सरकवली. बेडरूम शर्मिष्ठाला सोडली. खिडकीवरून विमानं उतरायची, त्यांच्या आवाजावरून ते आतून सांगायचे, "मोठं आहे," नाहीतर "छोटं आहे." कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "मला किती जागा लागते?" सोफ्यावरसुद्धा माणूस असा अंग चोरून बसायचा की शेजारी आणखी दोघं बसावेत.

मंजूर नकाशात ही खोली नव्हतीच. आत्ताच्या नकाशात आणि फोटोत ती नीट दिसली, तरच बिल्डर ती मोजणार होता. नवीन घरात बाबांना खोली मिळणार की नाही, ते या एका फाईलवर होतं.

फाईल झाली चौदा एमबीची. वेबसाइट म्हणाली, एक एमबीच्या आत हवी.

तिने खाली राहणाऱ्या सेक्रेटरी नंदूकाकांना फोन लावला. "सगळ्यांची तीच बोंब आहे गं," ते म्हणाले. "दाबून काढ ना. फुकटात लहान करून देणाऱ्या साइट पडल्यात ढिगाने."

तशी एक तिला सापडली. फाईल टाकली, गोल चक्र थोडा वेळ फिरलं, आणि चौदाची पाच एमबी होऊन खाली उतरली. तिने वरवर पाहिली. मूळ फाईल तिने पुसली, कारण फोन सकाळपासून जागा नाही म्हणून कोकलत होता. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. तिला अर्धवट काम आवडायचं नाही.

२

"शमू, माझी खाट हलवलीस का?" दोन दिवसांनी पोहे खाताना बाबांनी विचारलं.

"मी कशाला हलवू?"

"पाय भिंतीला लागतात गं."

"झोपेत खाली सरकत असाल."

"असेल," बाबा लगेच म्हणाले. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ताटली उचलताना तिला दिसलं की तांब्याभांड्याचं स्टूल खोलीच्या बाहेर, दाराशी उभं आहे. ते आत ठेवायला गेली तर ते बसेना. खाटेच्या पायाशी जेमतेम चार बोटं जागा होती. खाट पुढे आली असणार म्हणून तिने ती उशाकडे ढकलली. ती हललीच नाही. उशाचा दांडा तिकडच्या भिंतीला टेकलेला होता.

या खोलीचा केर ती इतकी वर्षं काढत आली होती. स्टुलामागे झाडू फिरवायला पुरेशी जागा असायची, हे तिच्या मनगटाला पाठ होतं.

ती खाली बसली आणि तिने फरशा मोजल्या. तितक्याच होत्या. कडेची एकही कापलेली नव्हती. मग तिने सहज, काही मनात नसताना, पाऊल एका फरशीवर ठेवलं. बोटं पलीकडच्या फरशीवर गेली. हॉलमध्ये येऊन तसंच केलं, तर पाऊल फरशीच्या आत बसलं. दोन्हीकडच्या फरशा बाबांनी एकाच दुकानातून, एकाच मापाच्या आणल्या होत्या.

तिच्या मनात पहिला संशय आला तो शेजारच्या मॉनिकाचा. पलीकडची गॅलरी मॉनिकाची, मधली भिंत सामाईक. मोजणीच्या आधी भिंत इकडे सरकवून वीतभर जागा लाटणारे लोक तिने ऑफिसच्या कागदांत पाहिले होते. साखर मागायच्या निमित्ताने ती शेजारी गेली आणि थेट गॅलरीत शिरली.

"काय बघतेस गं?" मॉनिका वाटी घेऊन मागे उभी. "भिंत?"

"ओल येते का बघत होते. आमच्याकडे आलीय."

"कुठे काय, सुक्की ठणठणीत आहे." मॉनिकाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझी झोप होते ना नीट? डोळे बघ कसे झालेत."

मॉनिकाची गॅलरी होती तेवढीच होती, एक इंचही जास्त नाही. शर्मिष्ठा कंपाउंडात उतरली आणि मान वर करून बघत राहिली. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या बाहेरून एका रेषेत होत्या. बाबांच्या खोलीची खिडकीही जिथल्या तिथे होती. म्हणजे चूक आपल्याच डोळ्यांची, असं तिने ठरवलं आणि साखर डब्यात ओतली.

३

पाच एमबी अजून फारच होती. धवल कंप्युटरमधला, तेव्हा तिने फाईल त्याला पाठवली. "डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटोसारखी नको, नाहीतर आणखी वाट लागेल," अशी सूचना देऊन त्याने ती घेतली आणि संध्याकाळी दोन एमबीची करून परत पाठवली.

या वेळी तिने ती बसून, पान पान मोठं करून तपासली. शेअर सर्टिफिकेटवरचा शिक्का वाचता येत होता. आधारवरचा बाबांचा चेहरा जरा पुसट होता, पण बाबा होते. नकाशापाशी ती थांबली.

हॉल तेवढाच. स्वयंपाकघर, बेडरूम, मोरी, सगळं तेवढंच. फक्त गॅलरीतली खोली अरुंद झाली होती. रेषा तुटलेली नव्हती, खाडाखोड नव्हती, कुणीतरी मुळातच तसं काढल्यासारखी ती खोली दोन रेषांत चेपून बसली होती. पुढच्या पानावर खोलीचा फोटो. खाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. स्टूल नव्हतं. तांब्याभांडं नव्हतं, जे तिने फोटोसाठी पुसलं होतं.

तिच्या डोक्यात जे आलं ते बहिणीच्या डोक्यात येऊ नये, पण आलं. मागच्याच महिन्यात धवल म्हणाला होता, "बाबांना वेगळी खोली कशाला ताई? लहान फ्लॅट घेऊ, तुला झाडायलाही सोपं." तेव्हाच तिला ते खटकलं होतं.

"तू नकाशात हात घातलास का रे?" तिने फोनवर सरळ विचारलं.

"कशात?"

"गॅलरी कमी केलीस. स्टूल काढलंस फोटोतून."

"मी स्टूल काढलं?" धवल हसला, मग त्याचं हसू थांबलं. "ताई, तू सीरियसली विचारतेयस?"

"हो."

"मी फक्त एक बटण दाबलं. स्कॅन काढतानाच कागद दुमडला असेल तुझा. आणि खरं सांगू? तू जी फाईल पाठवलीस, तिच्यातही स्टूल नव्हतं. मी पाहिली होती. मला वाटलं, तुलाच बाबांची खोली मोठी दिसायला हवी म्हणून तू हलवलंस."

तिने ऑफिसात हजारो खोटे आवाज ऐकले होते. हा खोटा नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

तेवढ्यात दारात बाबा आले. चादरीची घडी हातात होती. "शमू, ती खाट काढूया का? फार जागा खाते. मी आपला गादीवर झोपेन."

४

खाट काढायला वॉचमनला बोलवावं लागलं. ती इतकी घट्ट बसली होती की पाय तिरपे करून ओढताना दोन्ही भिंतींचा रंग खरवडला गेला. वॉचमन कपाळ पुसत म्हणाला, "मॅडम, ये अंदर डाला कैसे था?" शर्मिष्ठाने त्याला चहा दिला.

त्या दिवशी तिने बाबांचं अंथरूण हॉलमध्ये घातलं. "भिंतीला ओल आहे, रंगवून घेऊ, तोवर इथेच झोपा," असं सांगितलं. बाबा बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आली तर हॉल रिकामा, अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात आणि बाबा खोलीत. गादी उभी करून ठेवली होती. खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन ते पेपर वाचत होते, आणि पेपर पुरता उघडता येत नव्हता म्हणून चौपदरी घडी केली होती.

"बाबा, बाहेर या."

"हॉलमध्ये तुझी अडचण होते गं. कोणी येतं जातं."

"कोण येतं आपल्याकडे?"

"इथे ठीक आहे मी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जरा ओशाळून. "फक्त विमानं ऐकू येईनाशी झालीत. कान गेले बहुतेक."

ती दारात उभी होती. तेव्हाच डोक्यावरून एक विमान उतरलं, हॉलच्या शोकेसमधल्या काचा थरथरल्या. बाबांनी मान वर केली नाही. तिने डोकं खोलीच्या आत घातलं, तर आवाज बंद झाला, उशी दाबून धरल्यासारखा. डोकं बाहेर काढलं आणि विमानाचा शेवटचा घरघराट ऐकू आला.

तिने बाबांना दंडाला धरून उठवलं आणि जबरदस्तीने बाहेर आणलं. ते आले. जेवले. ती भांडी घासत असताना मागे दार लागल्याचा हलका आवाज झाला.

५

"धवल, लहान केलेली फाईल परत मोठी करता येते का?"

"नाही."

"काहीच करून?"

"ताई, ती लहान होते म्हणजे काय होतं सांगू? जे फिकट आहे, बारीकसारीक आहे, ज्याच्यावाचून अडत नाही, ते काढून टाकते ती. एकदा टाकलं की टाकलं. मग तू ताणून मोठी कर, पण गेलेलं थोडंच येणार?"

"कशावाचून अडत नाही, हे कोण ठरवतं?"

"कोण म्हणजे? ते आपोआप ठरतं. ज्याचा आवाज कमी ते जातं." त्याचा सूर बदलला. "तू ठीक आहेस ना? मी येऊ का?"

"ये. आणि ती फाईल कुठे पाठवू नकोस. मी सगळं परत स्कॅन करते. हवी तेवढी मोठी होऊ दे."

पण नकाशाचा मूळ कागद नंदूकाकांनी मागवून बिल्डरच्या ऑफिसात जमा केला होता. राहिला फोटो. तो तरी नव्याने काढावा म्हणून ती खोलीच्या दारात गेली. बाबा आता उभे होते, खुर्ची त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. बसून पाय आखडतात म्हणाले. तिने फोन उंच धरला, आडवा धरला, मागे सरकून सोफ्याला टेकली. खोली फोटोत येईना. येत होती ती हिरवट रंगाची भिंत आणि भिंतीच्या कडेला बाबांच्या पायजम्याचा गुडघा.

खिडकी कुठे होती? उजेड तर येत होता, कुठून तरी, कडेकडेने.

आपण ऑफिसात असतो आणि हा क्लेम टेबलावर आला असता, तर आपण काय लिहिलं असतं, असा तिने विचार केला. अर्जदार थकलेली आहे. एकटी आहे. वडिलांचं वय झालं आहे, म्हातारी माणसं अंगाने लहान होतातच. पुरावा नाही. क्लेम नामंजूर. तिने हे सगळं मनात नीट मांडलं. तरीही तिला बाबा हवे होते. बाकी खोली गेली, नकाशा गेला, नवीन घर गेलं तरी तिला चालणार होतं.

तिने दार सताड उघडं ठेवून त्याला खुर्ची लावली.

६

शुक्रवारी तिने रजा टाकली. दुपारपर्यंत ती हॉलमध्ये त्या दाराकडे तोंड करून बसली होती. बाबांशी बोलत राहिली. आईचं, जुन्या भाडेकरूंचं, धवल पडून दात पाडून आला होता त्याचं. आतून "हो गं," "खरंच की," असं येत होतं. तीनदा तिने हात धरून त्यांना बाहेर आणलं होतं, तीनदा ती पाणी प्यायला वळली तशी ते आत गेले होते. चौथ्यांदा त्यांनीच हात सोडवून घेतला. "राहू दे. सवय झाली मला."

दोन वाजता फोन वाजला. धवलचा मेसेज.

"ताई, आज शेवटची तारीख होती. तू टेन्शनमध्ये आहेस म्हणून मीच टाकली फाईल. आणखी एकदा लहान केली, सातशे केबीवर आणली. लगेच घेतली त्यांनी. बाबांना सांग, काम झालं. संध्याकाळी येतो, बटाटेवडे आणतो."

तिने मान वर केली. खुर्ची हॉलच्या मध्यावर सरकलेली होती आणि दार बंद होतं.

दार हॉलकडे उघडणारं होतं, म्हणून ते उघडलं. चौकटीच्या मागे लगेच भिंत होती. हिरवट रंग, खाटेने खरवडल्याची खूण, आणि खूण तिच्या नाकासमोर. चौकट आणि भिंत यांच्यात तळहात जाईल एवढी फट राहिली होती. तिने गाल चौकटीला लावून डावीकडे पाहिलं. आत उजेडाची एक दोरी होती. त्या उजेडात चष्म्याची एक काच चमकली, तिच्यामागे डोळा, आणि त्याखाली, जिथे छाती असायला हवी, तिथे शर्टाच्या गुंड्यांची रांग एका बाजूने दिसली. तेवढ्या जागेत माणूस असू शकत नाही. डोळा तिच्याकडे बघून मिटला आणि उघडला.

"बाबा."

"मावतोय गं," बाबा म्हणाले. आवाज अगदी जवळून आला, नेहमीचा, समजूतदार. "दार लावून घे. तुला अडचण होईल."

तिने खांद्यापर्यंत हात फटीत घातला. चाचपडताना कोरडी, गार बोटं लागली. तिने ती धरली. तीही धरून राहिली. ओढायची तिची हिंमत होईना, कारण ती बोटं फार सपाट होती.

"धवल येतोय," ती म्हणाली. "भिंत फोडू. वॉचमनला बोलावते. तुम्ही फक्त हात सोडू नका."

"बरं."

डोक्यावरून विमान गेलं. शोकेसमधल्या काचा थरथरल्या. सवयीने ती वाट बघत राहिली, मोठं की छोटं.

दुसऱ्या हातातला फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर नंदूकाकांचा मेसेज होता. बाराच्या बारा फाईल पोचल्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. आता बिल्डरचा माणूस त्या एकत्र जोडणार आहे, आणि एकत्र केली की फाईल फार मोठी होते म्हणून चार वाजेपर्यंत तो सगळी मिळून पुन्हा एकदा लहान करून घेईल. खाली मॉनिकाने अंगठा टाकला होता.

शर्मिष्ठाने नंदूकाकांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. मेसेज टाकला की ते लगेच दुपारचे आडवे होत, फोन खोलीबाहेर ठेवून आणि दार लावून, सगळ्या बिल्डिंगला हे माहीत होतं. तिने परत लावला.

"कोण गं?" फटीतून बाबांनी विचारलं. "काही हवंय का त्यांना?"

तिने बोटं आणखी घट्ट धरली. आत कापड भिंतीला घासल्याचा आवाज झाला. विचारलं नसतानाच बाबांनी आणखी थोडं अंग चोरून घेतलं होतं.